बटणामागची पेढी

संकेतस्थळावर पैसे स्वीकारण्यासाठीं एक साधें बटण बसविणें ही आज फारशी मोठी गोष्ट राहिलेली नाहीं. घरीं मसाले करून विकणारी गृहिणी, आपल्या पुस्तकाची आवृत्ति स्वतःच्या हिमतीवर काढणारा लेखक, गांवच्या वाचनालयासाठीं वर्गणी जमविणारें एखादें मंडळ, ह्यांपैकीं कोणीहि पैसे गोळा करून देणाऱ्या एखाद्या कंपनीकडे खातें उघडतो. कागदपत्रांची पडताळणी होते. मग ती कंपनी देईल त्या चार ओळी आपल्या पानांत चिकटविल्या, कीं पानावर 'पैसे भरा' ह्या अक्षरांची एक रंगीत चौकट उमटते. नागपूरच्या ग्राहकानें ती दाबावी आणि रत्नागिरीच्या विक्रेत्याला पैसे मिळाल्याची वर्दी क्षणार्धांत यावी, इतकें हें काम सोपें झालें आहे. तें इतकें सोपें आहे, कीं त्याला कांहीं इतिहास असेल ही कल्पनाच सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

परंतु जी गोष्ट फार सोपी दिसते, तिच्याविषयीं एक प्रश्न अवश्य विचारावा. तो हा, कीं तिच्यांतला अवघडपणा गेला कोठें? व्यवहारांतील अवघडपणा आपोआप नाहींसा होत नसतो. तो कोणी तरी आपल्या खांद्यावर घेतलेला असतो. बटणाच्या बाबतींत तो कोणीं घेतला, कोणत्या अटींवर घेतला, आणि त्याची किंमत आपण कशानें भरतों, हें पाहणें हाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

मूळ अडचण फार जुनी आहे. दुकानांत गिऱ्हाईक आणि दुकानदार समोरासमोर उभे असतात. एका हातानें माल दिला जातो, दुसऱ्या हातानें पैसे घेतले जातात, आणि दोघांपैकीं कोणालाहि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावें लागत नाहीं. पण दोघांमध्यें शंभर कोसांचें अंतर पडलें, कीं कोणी तरी एकानें आधीं हात पुढें करावयास हवा. गिऱ्हाईक म्हणतें, आधीं माल येऊं द्या. व्यापारी म्हणतो, आधीं पैसे येऊं द्या. जो आधीं देईल त्यानें बुडण्याची जोखीम पत्करली. दूरच्या व्यापाराचा सगळा इतिहास म्हणजे ही जोखीम कोणीं उचलावयाची, ह्या एका वादाचा इतिहास आहे.

आपल्या देशांत ह्या वादावर हुंडी हा तोडगा निघाला. पुण्याच्या पेढीवर रोकड भरावी, पेढीनें काशीच्या आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहून द्यावी, आणि काशीस ती चिठ्ठी दाखवितांच तेथील आडत्यानें रक्कम मोजून द्यावी, अशी ती पद्धति होती. लुटारूंच्या वाटेवरून रुपयांच्या थैल्या नेण्याचें कारण उरलें नाहीं. हुंडी दाखवितांच सकारावयाची असली तर ती दर्शनी, ठराविक दिवसांनीं सकारावयाची असली तर मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाहि उपटसुंभाला मिळत नसत. बाजारांत ज्याची पत आहे अशा प्रतिष्ठित सावकारामार्फतच ती वटत असे. मूळ हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' आणि तीहि हरवली तर 'परपेठ' काढण्याची सोय होती. जोखमी हुंडीचे पैसे तर माल सुखरूप पोंचला तरच द्यावयाचे असत. म्हणजे ती हुंडीहि होती आणि विमाहि होता. ह्या सर्व व्यवस्थेबद्दल पेढी जी कसर कापून घेई तिला हुंडणावळ म्हणत. इंग्रजी अमदानींत इ. स. १८८१ सालीं चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हांहि देशी भाषांतील दस्तऐवजांच्या रूढ चालीरीतींना धक्का लावूं नये अशी तरतूद त्याच्या पहिल्याच कलमांत करावी लागली. हुंडीची मुळें बाजारांत इतकीं खोल गेलेलीं होतीं.

ह्या हुंडींतील चार गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. मधें एक पतवान मध्यस्थ आहे. देणाऱ्या-घेणाऱ्याची ओळख पटविण्याची कांहीं रीत आहे. कागद हरवला तर त्यावर उपाय आहे. आणि ह्या सेवेचें मोल आहे. आजच्या बटणामागें ह्याच चार गोष्टी जशाच्या तशा उभ्या आहेत. उणीव एवढीच होती, कीं हुंडी ही पेढीच्या ओळखीतल्या माणसांची सोय होती. ज्याला कोणी ओळखत नाहीं अशा सामान्य माणसाला त्या दारांत उभें राहतां येत नसे.

सामान्य माणसासाठीं हें दार टपालखात्यानें उघडलें. इ. स. १८७७ मध्यें हिंदुस्थानांत व्ही. पी. ची पद्धति सुरू झाली आणि १८८० मध्यें मनीऑर्डरीचें काम टपालखात्याकडे आलें. मनीऑर्डरीनें मुंबईच्या गिरणींत राबणाऱ्या चाकरमान्याची मजुरी कोंकणांतल्या घराच्या ओटीपर्यंत नेऊन पोंचविली. व्ही. पी. नें त्याहून वेगळें काम केलें. पुण्याच्या प्रकाशकानें पुस्तकाचें पुडकें टपालांत टाकावें, पोस्टमननें तें खेड्यांतल्या वाचकाच्या दारीं न्यावें, पैसे हातांत पडल्यावरच पुडकें सोडावें, आणि ते पैसे मनीऑर्डरीनें प्रकाशकाकडे परत जावेत, अशी ही योजना होती. 'व्ही. पी. सोडवून घेणें' हा वाक्प्रचार मराठी घरांत त्यामुळेंच रुळला. ग्रंथ, औषधें, बियाणें अशा कितीतरी वस्तु ह्या वाटेनें खेडोपाडीं पोंचल्या.

व्ही. पी. मध्यें जोखीम कोणाकडे गेली, हें बारकाईनें पाहण्यासारखें आहे. ग्राहकानें पुडकें नाकारलें तर जाण्यायेण्याचा टपालखर्च विक्रेत्याच्या माथीं बसे. उलट पुडक्यांत पुस्तकाऐवजीं रद्दी निघाली तर तें पैसे दिल्यावरच कळे, म्हणून तेवढी जोखीम ग्राहकाची. संपूर्ण बुडण्याचें भय दोघांपैकीं कोणालाच राहिलें नाहीं. एका मोठ्या जोखमीचे दोन लहान तुकडे झाले, आणि लहान तुकडा माणूस सहज सोसतो. अनोळखी माणसांचा व्यापार वाढला तो माणसें अधिक प्रामाणिक झालीं म्हणून वाढला असें नव्हे. अप्रामाणिकपणापासून होणारें नुकसान आटोक्यांत आलें म्हणून तो वाढला.

आतां शंभर वर्षें ओलांडून इंटरनेटच्या काळांत येऊं. जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या प्रयोगशाळेंत टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९८९ ते १९९१ ह्या काळांत वेबची रचना केली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे निबंध सहज वाचतां यावेत म्हणून. वेबवरचें एक यंत्र दुसऱ्याकडे पान मागतें, तेव्हां उत्तरादाखल एक क्रमांक येतो. '४०४', म्हणजे मागितलेलें पान सांपडलें नाहीं, हा क्रमांक पुष्कळांच्या परिचयाचा आहे. त्याच्याच शेजारीं '४०२' हा क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ 'पैसे भरणें आवश्यक' असा आहे. परंतु १९९७ सालच्या नियमावलींत ह्या क्रमांकापुढें एवढेंच लिहिलेलें आढळतें, कीं हा भविष्यकाळासाठीं राखून ठेवला आहे. घर बांधतांना तिजोरीसाठीं कोनाडा ठेवावा आणि तिजोरी मात्र कधीं आणूं नये, तसा हा प्रकार झाला. तो कोनाडा पुढेंहि बरींच वर्षें रिकामाच राहिला, आणि त्या पोकळींत पुढच्या साऱ्या खटपटी झाल्या.

पहिली अडचण रस्त्याची होती. इंटरनेटवरून जाणारा मजकूर अनेक परक्या यंत्रांच्या हातून पुढें सरकतो. त्यांत आपल्या कार्डाचा क्रमांक लिहून पाठविणें म्हणजे तो उघड्या पोस्टकार्डावर लिहून पाठविणेंच होय. म्हणून प्रारंभीं पानावर माल पाहावयाचा आणि पैसे मात्र टपालानें चेक पाठवून किंवा टेलिफोनवर क्रमांक सांगून द्यावयाचे, अशी अर्धवट स्थिति होती. ११ ऑगस्ट १९९४ रोजीं अमेरिकेंतील नेटमार्केट नांवाच्या एका लहान कंपनीनें स्टिंग ह्या गायकाच्या गाण्यांची एक तबकडी १२ डॉलर ४८ सेंट अधिक टपालखर्च घेऊन विकली. कार्डाचा क्रमांक सांकेतिक लिपींत गुंडाळून पाठविला गेला होता. ही विक्री करणारे डॅन कोन त्या वेळीं अवघे एकवीस वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशीं न्यूयॉर्क टाइम्सनें ह्या खरेदीची बातमी छापली. इंटरनेटवर सुरक्षितपणें झालेल्या पहिल्या खरेदींपैकीं ही एक समजली जाते.

ह्या सुमारास ह्या प्रश्नावर अनेक बुद्धिमान माणसांनीं निरनिराळे उपाय सुचविले. डेव्हिड चौम ह्यांनीं रोकडीसारखें असें एक इलेक्ट्रॉनिक नाणें तयार केलें, कीं तें बँकेनें दिलेलें खरें, पण तें कोणीं कोठें खर्च केलें हें बँकेलाहि कळूं नये. गणिताच्या दृष्टीनें ती कल्पना अत्यंत सुंदर होती. परंतु त्यांची डिजिकॅश ही कंपनी १९९८ सालीं दिवाळ्यांत निघाली. फर्स्ट व्हर्चुअल नांवाच्या कंपनीनें कार्डाचा क्रमांक इंटरनेटवरून पाठवूंच नये, ग्राहकाला ई-मेलनें 'ही खरेदी आपलीच ना?' असें विचारून घ्यावें, अशी साधी वाट काढली. तीहि फार काळ टिकली नाहीं. व्हिसा आणि मास्टरकार्ड ह्या बलाढ्य संस्थांनीं १९९६ मध्यें सेट नांवाची एक अतिशय काटेकोर पद्धति पुढें मांडली. तींत प्रत्येक ग्राहकानें स्वतःच्या ओळखीचा इलेक्ट्रॉनिक दाखला मिळवावा आणि त्यासाठीं खास सामग्री आपल्या यंत्रांत बसवून घ्यावी अशी अपेक्षा होती. सुरक्षिततेंत ती कमी नव्हती; परंतु एक पुस्तक विकत घेण्यासाठीं एवढी उपाधि करण्यास लोक तयार झाले नाहींत.

जिंकली ती पद्धति ग्राहकाकडे कांहींच मागत नव्हती. नेटस्केप कंपनीनें १९९५ पासून आपल्या ब्राउझरमध्यें एस.एस.एल. ही योजना घातली. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन ह्यांनीं १९७६ सालीं एक क्रांतिकारक शोध प्रसिद्ध केला होता: ज्यांची पूर्वीं कधींहि भेट झाली नाहीं अशीं दोन माणसें उघड्या रस्त्यावर बोलूनहि आपल्यापुरती एक गुप्त किल्ली ठरवूं शकतात. त्या प्रकारच्या गणितावर ही योजना उभी होती. ग्राहकाला तिच्यापैकीं एवढेंच दिसे, कीं खिडकीच्या कोपऱ्यांत एका किल्लीचें वा कुलपाचें लहानसें चित्र आलें. त्याच वर्षीं बर्कले विद्यापीठांतील इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर ह्या दोन विद्यार्थ्यांनीं दाखवून दिलें, कीं नेटस्केपचे गुप्त आंकडे पुरेसे अनपेक्षित नसतात आणि ते ताडतां येतात. चूक दुरुस्त झाली. पुढें १९९९ सालीं हीच योजना टी.एल.एस. ह्या नांवानें सर्वमान्य झाली, आणि तिचीं सुधारलेलीं रूपें आजहि आपल्या प्रत्येक खरेदीस पांघरूण घालीत आहेत.

परंतु कुलूप रस्त्याचें रक्षण करतें. रस्त्याच्या शेवटीं बसलेला माणूस साव आहे कीं चोर, हें तें सांगत नाहीं. तरीहि अमेरिकेंतील लाखों लोकांनीं न पाहिलेल्या दुकानांत आपल्या कार्डाचा क्रमांक टाकण्याचें धाडस केलें. ह्याचें एक कारण यंत्रशास्त्रांत नसून कायद्यांत आहे. बँक ऑफ अमेरिकेनें १९५८ सालीं कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो गांवांत सुमारे साठ हजार लोकांना त्यांनीं न मागतांच कार्डें पाठवून दिलीं. पुढें ह्या कार्डांचा प्रसार होतांना चोऱ्या आणि बुडीत रकमा ह्यांचा सुळसुळाट झाला. तेव्हां अमेरिकन कायद्यानें १९७० सालीं ठरविलें, कीं हरवलेल्या वा चोरलेल्या कार्डावर दुसऱ्यानें केलेल्या खर्चापैकीं पन्नास डॉलरांहून अधिक भार कार्डधारकावर पडूं नये. १९७४ च्या कायद्यानें चुकीच्या बिलाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क दिला. पुढें बटण दाबणाऱ्या माणसाच्या पाठीशीं हे कायदे उभे राहिले. मात्र नुकसान नाहींसें झालें नव्हतें. तें बँकेवर, आणि बहुधा बँकेकडून विक्रेत्यावर, ढकललें गेलें होतें.

इतकें झालें तरी लहान विक्रेता बाहेरच होता. कार्डानें पैसे घेण्यासाठीं बँकेकडे व्यापारी खातें काढावें लागे आणि बँक पत, दुकान, उलाढाल सर्व कांहीं तपासून पाही. घरांतली जुनी घड्याळें विकणाऱ्याला तें खातें कोण देणार? १९९५ मध्यें पिएर ओमिड्यार ह्यांनीं ई-बे ह्या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेला लिलाव सुरू केला, तेव्हां असे अनोळखी विक्रेते आणि अनोळखी ग्राहक हजारोंनीं एकत्र आले. लिलाव विजेच्या वेगानें होई. पैसे मात्र टपालांतून चेकच्या गतीनें येत, आणि चेक वटेपर्यंत माल अडून राही.

ही कोंडी ज्यांनीं फोडली ते मुळांत दुसरेंच कांहीं करावयास निघाले होते. मॅक्स लेवचिन, पीटर थील आणि ल्यूक नोसेक ह्यांनीं १९९८ च्या अखेरीस कॉन्फिनिटी ही कंपनी काढली. पाम पायलट ह्या खिशांत मावणाऱ्या यंत्रांतून शेजारच्याच्या यंत्रांत पैसे पाठवावेत ही त्यांची कल्पना. ई-मेलच्या पत्त्यावर पैसे पाठविण्याची सोय ही तिची केवळ जोड होती. पण ई-बेवरील विक्रेत्यांनीं ती जोडच उचलली आणि आपल्या लिलावाच्या पानांवर तिचें चिन्ह लावण्यास आरंभ केला. मार्च २००० मध्यें ही कंपनी इलॉन मस्क ह्यांच्या एक्स डॉट कॉममध्यें मिळाली, २००१ मध्यें एकत्रित कंपनीचें नांव पेपाल झालें, आणि २००२ मध्यें ई-बेनें ती सुमारे दीड अब्ज डॉलरांस विकत घेतली.

पेपालनें नवीन काय केलें? तिनें बँकेपुढें स्वतः व्यापारी म्हणून उभें राहून हजारों लहान विक्रेत्यांची जोखीम आपल्या नांवावर घेतली. पत पेपालची, आणि तिच्या छायेंत विक्री कोणाचीहि. हें आपल्या शाहजोग हुंडीच्या सावकाराचेंच काम होतें. आणि सावकाराच्या वाट्याला येणारें संकटहि तिच्या वाट्याला आलें. चोरलेल्या कार्डांच्या टोळ्या तिच्यावर तुटून पडल्या आणि प्रारंभींच्या वर्षांत लबाडीपायीं तिचें प्रचंड नुकसान झालें. यंत्रांकडून खोटीं खातीं उघडलीं जाऊं नयेत म्हणून तिनें खातेदारास वेडींवाकडीं काढलेलीं अक्षरें वाचावयास लावलीं. बँकेचें खातें खरोखर त्याचेंच आहे हें पाहण्यासाठीं त्यांत दोन चिल्लर रकमा भरून 'त्या किती होत्या तें सांगा' असें विचारण्याची युक्ति काढली. आज अशा युक्त्या सर्वत्र दिसतात. त्या वेळीं त्या दिवाळें टाळण्यासाठीं केलेल्या धडपडी होत्या.

ह्याच काळांत आपलें साधें बटण जन्मास आलें. पेपालच्या पानावर विक्रेत्यानें वस्तूचें नांव आणि किंमत लिहावी, तेथून मिळालेला मजकूर आपल्या पानांत चिकटवावा, बस्स. त्या मजकुरांत विक्रेत्याचें खातें, वस्तु, किंमत आणि चलन एवढेंच असे. ग्राहकानें बटण दाबलें, कीं तो विक्रेत्याच्या पानावरून उठून पेपालच्या पानावर जाई. कार्डाचा क्रमांक विक्रेत्याला कधीं दिसतच नसे, आणि त्यामुळें तो सांभाळण्याची जबाबदारीहि त्याच्यावर नसे. मात्र एक फट होती. किंमत ग्राहकापुढच्या पानांतच अदृश्य अक्षरांनीं लिहिलेली असल्यामुळें लबाड ग्राहक ती खोडून पन्नास डॉलरांच्या जागीं पांच लिहूं शके. पैसे आले एवढी वर्दी पाहून जो विक्रेता माल रवाना करी तो फसे. किती आले हें जो ताडून पाही तो वांचे. पुढें किंमत सांकेतिक लिपींत झांकण्याची किंवा ती मध्यस्थाकडेच ठेवण्याची सोय झाली. तरीहि आलेली रक्कम मागणीशीं ताडून पाहणें हा नियम आजहि तितकाच खरा आहे. आपल्या जुन्या मुनिमांना तो नव्यानें शिकवावा लागला नसता.

सोपेपणाला बाजारांत केवढी किंमत आली होती, हें ॲमेझॉनच्या उदाहरणावरून दिसतें. पत्ता आणि कार्ड एकदां नोंदवून ठेवलें, कीं पुढें एका टिचकीनें खरेदी करतां यावी, ह्या कल्पनेसाठीं त्या कंपनीनें १९९७ सालीं अर्ज केला आणि १९९९ च्या सप्टेंबरांत तिला अमेरिकेंत एकाधिकार मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बार्न्स अँड नोबल ह्या प्रतिस्पर्धी ग्रंथविक्रेत्याविरुद्ध न्यायालयाचा मनाईहुकूमहि मिळाला. ॲपलनें २००० सालीं मोबदला देऊन ही सोय वापरण्याचा परवाना घेतला. युरोपांत मात्र हा अधिकार मान्य झाला नाहीं, आणि अमेरिकेंतहि २०१७ मध्यें त्याची मुदत संपली. पुढें २०११ सालीं आयर्लंडच्या पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन ह्या बंधूंनीं स्ट्राइप ही सेवा सर्वांना खुली केली. तिची ख्यातीच मुळीं अशी झाली, कीं सात ओळी चिकटविल्या कीं काम संपलें.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या रिझर्व्ह बँकेनें अमेरिकेहून निराळा मार्ग धरला. १ ऑगस्ट २००९ पासून कार्ड समोर नसतांना होणाऱ्या व्यवहारास कार्डावर न छापलेली आणखी एक खूण, म्हणजे परवलीचा शब्द वा तत्सम कांहीं, सक्तीची झाली. चोरी झाल्यावर नुकसान वांटून घेण्यापेक्षां चोरीच कठीण करावी, असें हें धोरण होतें. मात्र ह्यामुळें बटण दाबल्यानंतर एक पायरी वाढली, आणि पुष्कळ लोकांपाशीं तर कार्डेंच नव्हतीं. २०१० मध्यें फ्लिपकार्टनें माल दारांत आल्यावर रोख पैसे घेण्याची सोय सुरू केली आणि ती अफाट लोकप्रिय झाली. ही १८७७ सालची व्ही. पी. च नव्या वेषांत परत आली होती. ज्या देशांत लोक बटणावर विश्वास टाकीत नव्हते, तेथें त्यांनीं दारांत उभ्या असलेल्या माणसावर तो टाकला.

खरा पालट पुढें झाला. २००८ मध्यें स्थापन झालेल्या आणि मुंबईंत मुख्य कचेरी असलेल्या राष्ट्रीय भुगतान निगमानें ११ एप्रिल २०१६ रोजीं यू.पी.आय. ची योजना जाहीर केली. एका बँकेच्या खात्यांतून दुसऱ्या बँकेच्या खात्यांत, सुट्टीच्या दिवशींहि, मध्यरात्रींहि, तत्काळ पैसे जावेत अशी ती व्यवस्था आहे. त्याच वर्षाच्या ८ नोव्हेंबरला पांचशें आणि हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि लोक नव्या वाटा शोधूं लागले. ऑगस्ट २०२३ मध्यें यू.पी.आय. वरील एका महिन्याच्या व्यवहारांची संख्या एक हजार कोटींच्या पुढें गेली. जपानांतील डेन्सो वेव्ह कंपनीनें १९९४ मध्यें मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं तयार केलेली काळ्यापांढऱ्या चौकोनांची खूण आज आपल्या भाजीवाल्याच्या टोपलीवर दिसते. बटणच कागदावर छापून टांगलें गेलें आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. जानेवारी २०२० पासून विक्रेत्याकडून ह्या मार्गाची हुंडणावळ घेऊं नये असें सरकारनें ठरविलें. पण हुंडणावळ कोणी घेत नाहीं ह्याचा अर्थ खर्च होत नाहीं असा नव्हे. तो बँकांना सोसावा लागतो आणि त्याचा कांहीं भाग सरकारी तिजोरींतून भरून दिला गेला आहे.

येथें जोखमीचें काय झालें, हें पुन्हां विचारलें पाहिजे. आपल्या नकळत कोणी तिसऱ्यानेंच खात्यांतून पैसे उडविले आणि बँकेची वर्दी मिळाल्यावर आपण तीन कामकाजी दिवसांत कळविलें, तर ग्राहकानें नुकसान सोसूं नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेनें जुलै २०१७ मध्यें घालून दिला. परंतु भूलथापांस बळी पडून स्वतःच्या हातानें पिन घातला, तर तत्काळ गेलेले पैसे परत आणणें फार कठीण होतें. ज्या वेगाचें आपण कौतुक करतों, तोच वेग चोराच्याहि उपयोगी पडतो. ह्या पद्धतींत पैसे देण्यासाठीं पिन लागतो, घेण्यासाठीं तो कधींच लागत नाहीं, एवढें एक वाक्य घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या मनावर बिंबविलें तरी पुष्कळ घरें वांचतील.

आणि शेवटची गोष्ट सत्तेची. जो जोखीम घेतो त्याच्या हातीं किल्लीहि जाते. डिसेंबर २०१० मध्यें विकिलीक्स ह्या संस्थेनें अमेरिकन सरकारचीं गुप्त पत्रें प्रसिद्ध केल्यावर पेपाल, व्हिसा आणि मास्टरकार्ड ह्यांनीं तिला देणग्या पोंचविणें बंद केलें. त्या संस्थेचें कृत्य कोणास पटो वा न पटो. न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वींच तीनचार कंपन्यांच्या निर्णयानें एखाद्याचें पैशाचें दार बंद होऊं शकतें, हें त्या दिवशीं जगाला दिसलें. आपल्याकडे पेपालनें १ एप्रिल २०२१ पासून देशांतल्या देशांत पैसे देण्याघेण्याची सेवा थांबविली, तेव्हां ज्यांच्या पानावर तेवढें एकच बटण होतें त्यांना दुसरें शोधावें लागलें. हुंडीच्या काळीं एका पेढीनें नाहीं म्हटलें तर शेजारची पेढी होती. आजच्या पेढ्या थोड्या आहेत, आणि फार मोठ्या आहेत.

म्हणून ज्यांना आपल्या संकेतस्थळावर असें बटण बसवावयाचें आहे, त्यांनीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं, पण जुन्या व्यापाऱ्यानें पेढी निवडतांना जे प्रश्न विचारले असते ते आपणहि विचारावेत. ग्राहकानें तक्रार केली तर नुकसान कोणाच्या अंगावर पडेल? पैसे किती दिवसांनीं आणि किती हुंडणावळ वजा जाऊन हातीं येतील? तोंपर्यंत ते कोठें राहतील? रिझर्व्ह बँकेनें मार्च २०२० मध्यें अशा मध्यस्थ कंपन्यांना ग्राहकांचे पैसे स्वतःच्या पैशांत न मिसळतां बँकेंतील वेगळ्या खात्यांत ठेवण्याचा नियम घातला आहे. आपली कंपनी त्या नियमाखालीं येते कीं नाहीं? खातें अचानक बंद झालें तर दाद कोणाकडे मागावयाची, आणि दुसरी वाट आपण आधींच तयार ठेवली आहे काय?

मसाले विकणाऱ्या त्या गृहिणीला एके काळीं कोणत्याहि पेढीच्या ओट्यावर उभें राहतां आलें नसतें. आज तिची पत कोणी विचारीत नाहीं, तिच्या मालाची मागणी दुसऱ्या प्रांतांतून येते, आणि ती आपल्या हिशेबाची आपण मालकीण होते. ही सामान्य लाभाची गोष्ट नव्हे, आणि ती मिळविण्यासाठीं पुष्कळांनीं नुकसान सोसलें आहे. तो लाभ टिकवावयाचा असेल तर बटणामागें बसलेली पेढी कोणाची आहे, हें विचारून घ्यावें, आलेली रक्कम रोजच्या रोज ताडून पाहावी, आणि मग तें बटण खुशाल बसवावें.